मी म्हणाले, हिरवा

४ ऑक्टोबर

आज राशेव दिसला. डॉक्टर राशेव. तीन वर्षं ज्याच्या नावानं मी बोटं मोडतेय तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत, उजव्या पायातला मोजा काढून, पाव खाणाऱ्या पोरासारखा पाय हलवत बसला होता.

दवाखान्यात त्या नव्या उजेडाच्या यंत्राचा पहिला दिवस होता. बुर्गासच्या मोठ्या इस्पितळानं आमच्या पोमोरी गावातली साखरेच्या आजाराची माणसं निवडलीत, त्यात मी आहे. यंत्र चालवणारी इस्क्रा पोरगेलीशी आहे, पण हाताची चलाख. माझ्या पावलाला तिनं मऊ पट्टा गुंडाळला. आतून बारीक तांबडे दिवे लागले. "व्हेलिकामावशी, सुई नाही, रक्त काढायचं नाही. उजेड कातडीतून आत जातो, रक्ताला भेटून परत येतो. किती परत आला त्यावरून कळतं, बोटांपर्यंत रक्त पोचतंय की नाही." शेवटी पडद्यावर एक ठिपका येतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे लगेच फोन. माझा हिरवा आला.

मग ती म्हणाली, "चला डॉक्टर, तुमचा पाय." मी मान वळवली आणि ओळखलं. वाळलाय पार. डोळे साखरेनं खाल्लेत, समोरचं माणूस त्याला धुरातल्यासारखं दिसतं म्हणे. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "बाई, तुमचा पाय पास झाला वाटतं. अभिनंदन!"

ओळखलं नाही मला. ओळखणार कसा? मी त्याच्या खोलीत कधी गेलेच नव्हते. गेला होता तो माझा तानास.

५ ऑक्टोबर

काल पुढे लिहवेना. आज लिहिते.

तानासनं उभा जन्म मिठागरात काढला. खारं पाणी, वर मिठाचे खडे, टाचा सदा फुटलेल्या. त्या वर्षी एक भेग भरेचना. वास यायला लागला तेव्हा मी हातात टोपी देऊन त्याला घराबाहेर काढलं, "राशेवकडे जा, दाखवल्याशिवाय परत येऊ नकोस." दुपारी परत आला तो गुणगुणतच. तोंडाला मास्तिका दारूचा वास होता. सुटकेचे दोन घोट घेतले असतील म्हणून मी काही बोलले नाही. म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, काही नाही, कातडी कोरडी पडलीय. हंसाची चरबी चोळ आणि लोकरी मोजे घाल." चरबीची बरणीही घेऊन आला होता. मी रोज चोळली. माझ्या या हातांनी चोळली.

पाय काळा पडला तेव्हा बुर्गासला नेलं. गुडघ्याच्या वर कापला, आणि तरी गेला.

मी राशेवच्या दारावर धोंडा घेऊन गेले होते, तर तो त्याच आठवड्यात निवृत्त होऊन लेकीकडे वार्नाला निघून गेलेला. आता परत आलाय. लेकीचं नि त्याचं पटलं नाही म्हणे. कुणाचं पटेल?

६ ऑक्टोबर

देव आहे. इस्क्राचा फोन आला. यंत्राची लहान आवृत्ती घरी देणार आहेत, आठवड्यातून दोनदा मोजायचं. "डॉक्टरांना ठिपक्याचा रंग दिसत नाही, मावशी. ते एकटे राहतात, आणि तुमची गल्ली त्यांच्या गल्लीला लागून. तुम्ही जाऊन तेवढा रंग सांगाल का? लाल आला की मला लगेच कळवायचं. आकडे यंत्रात साठतात, महिनाअखेर मी येऊन उतरवून घेते."

मी म्हणाले, "जाईन की. त्यात काय."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. आनंदानं.

१० ऑक्टोबर

पहिल्यांदा गेले. खिडकीत बेदाण्यासारखी सुरकुतलेली बिहीची फळं, टेबलावर कांद्याची सालं, खुर्चीवर चार दिवसांचे कपडे. म्हणाला, "पसाऱ्याकडे बघू नका. मी पण बघत नाही, मला सोय आहे."

मी हसले नाही. पट्टा गुंडाळला. पाऊल गोरं, हाडकुळं, नखं वाकडी. या पायाला काय काय झालं तर मला बरं वाटेल, याचा विचार करत मी दिवे मोजत बसले. ठिपका हिरवा आला. मला इतकी निराशा झाली की मी पडदा बोटानं पुसून पाहिला.

"काय हो, गेलो की काय मी?"

"हिरवा आहे."

"तुमचा आवाज तर लाल वाटला."

आगाऊ म्हातारा.

१७ ऑक्टोबर

आज त्याला शब्दांनी चिमटा काढला. पट्टा सोडताना म्हणाले, "कातडी कोरडी झालीय, डॉक्टर. हंसाची चरबी चोळा आणि वर लोकरी मोजे घाला." आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. वाटलं, आता दचकेल.

तर हा खो खो हसला. "कुठल्या गाढवानं शिकवलं हे तुम्हाला? चरबीनं बोटांच्या बेचक्यात कुजतं, आणि मोज्यांची शिवण जखम करते. साखरवाल्याला असं सांगणाऱ्याला मिठागरात उलटा टांगला पाहिजे."

आपलंच बोलणं विसरला! किंवा विसरल्याचं सोंग. रात्रंदिवस जे वाक्य माझ्या कानात वाजतं ते यानं तोंडातून फेकलं आणि विसरून गेला. घरी येईपर्यंत मी रडत होते. घरी येऊन मोजे विणायला घेतले, जाड लोकरीचे, घट्ट, आत मुद्दाम जाड शिवण. त्याला भेट देणार.

२८ ऑक्टोबर

मोजे दिले. फार खूश झाला. बायको गेल्यापासून कुणी हातानं विणलेलं दिलं नव्हतं म्हणाला. बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "शिवण तेवढी आत गेलीय, बाई. उलटे घातले की झालं." आणि उलटे घातले.

ठिपका हिरवा. सगळं त्याच्याच बाजूनं आहे.

त्यानं मला सूप वाढलं. मी पिऊन आले. उपाशी गेले होते म्हणून.

४ नोव्हेंबर

आज यंत्रानं पिवळा दाखवला.

बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता, खिडक्या वाजत होत्या. तो डोळे मिटून वाट बघत होता. "बोला."

मी म्हणाले, "हिरवा."

किती सोपं होतं! गळा कोरडा पडला नाही, काही नाही. तानासला कुणीतरी हिरवा म्हणालं होतं तेव्हा त्या माणसाचा गळाही असाच ओला असणार. वाटेत बनित्सा विकत घेतली, गरम गरम, चीजनं भरलेली, आणि रस्त्यातच उभी राहून खाल्ली. साखर वाढली तर वाढली.

७ नोव्हेंबर

पुन्हा पिवळा, जास्त गडद. हिरवा म्हणाले.

तो म्हणाला, "पाऊल गार लागतंय मला हाताला."

"थंडी आहे, डॉक्टर. माझंही गारच आहे."

"बरोबर. पूर्वी मी बोटांनी नाडी शोधायचो. आता बोटंही म्हातारी झाली, भरवसा नाही. यंत्राला माझ्यावर राग नाही की लोभ नाही. ते खरं बोलतं."

मी पट्ट्याची घडी घातली. नीट घातली.

११ नोव्हेंबर

लाल.

मी वाकून पुन्हा पाहिलं. करंगळी आणि शेजारचं बोट, जांभळट. तानासचंही काळं पडणं तिथूनच सुरू झालं होतं, तेव्हा माझ्याकडे यंत्र नव्हतं, नाहीतर मी ओरडून गाव गोळा केलं असतं.

"बाई?"

"हिरवा."

त्यानं मान तिरकी केली. मग म्हणाला, "तुम्ही डावा पाय जपून टाकताय आज. मघा दारातून आलात तेव्हा ऐकलं मी. बूट काढा."

मी म्हणाले काही झालेलं नाही. तर हा खुर्चीवरून सरकत खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा फिरवला. टाचेला फोड आलाय, नव्या बुटांचा. मला कळलाच नव्हता. मला तरी कुठं दुखतं आता. चांगला ओरडला माझ्यावर. "उद्या इस्क्राला दाखवायचं. उद्या म्हणजे उद्या! पस्तीस वर्षं या गावात एक माणूस बूट काढल्याशिवाय माझ्या खोलीतून बाहेर पडला नाही. मिठागरवाले मला शिव्या घालायचे, घाला म्हटलं, पण आधी बूट काढा."

काय खोटारडा माणूस आहे! पस्तीस वर्षं! मी त्याच्या मांडीवरून पाय ओढून घेतला आणि निघाले.

त्याचा हात मात्र ऊबदार होता. हे लिहायला नको होतं.

१२ नोव्हेंबर

फोड दाखवला. इस्क्रानं मलमपट्टी केली आणि माझं मोजलं, हिरवा. "डॉक्टरांचं कसं काय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, छान आहे.

१४ नोव्हेंबर

लाल. बोटाच्या टोकाला काळी चकती. पोळीवरच्या करपलेल्या डागासारखी.

तो आज मलूल होता, ताप असावा. तरी थट्टा करायची हौस. "बाई, तुम्ही आलात की घराला माणसाचा वास येतो. नाहीतर माझा नि कांद्याचा."

मी हिरवा म्हणाले आणि निघाले, पण दारात उभी राहिले जरा वेळ. कशासाठी ते कळलं नाही. तो आतून म्हणाला, "काही विसरलात का?" नाही म्हणाले.

आता थोडेच दिवस. मग त्याला बुर्गासला नेतील, त्याच खोलीत, त्याच करवतीखाली. तेव्हा मी जाऊन त्याच्या कानात तानासचं नाव सांगणार. त्या क्षणासाठी मी जगतेय. विचार केला तरी हातापायांत बळ येतं.

१६ नोव्हेंबर

हे कुणाला तरी सांगायचंच होतं, पोटात मावेना. मारुशाकडे गेले. नणंद असली तरी तानासच्या मागे माझं तेवढंच माणूस. ती लोणच्याची कोबी दाबत बसली होती. मी सगळं सांगितलं, राशेव, यंत्र, रंग. मला वाटलं टाळी देईल. भावासाठी माझ्याइतकीच रडली होती.

तिचा चेहरा राखेसारखा झाला. "वहिनी, आत्ताच्या आत्ता जा आणि सांग त्याला."

"का म्हणून?"

"तानास गेलाच नव्हता त्याच्याकडे."

मी म्हणाले काय बरळतेस.

"त्या दिवशी तो इथं बसला होता. या खुर्चीत. दुपारपर्यंत मास्तिका पीत बसला. म्हणत होता, दाखवला तर पाय कापतील, मग मिठागर संपलं, मग मी घरात बसून व्हेलिकाचं तोंड बघू काय? मी किती म्हटलं जा बाबा. मग त्यानंच ते रचलं, चरबीचं नि मोज्यांचं. ती बरणी माझी होती, वहिनी. माझ्या फडताळातली. शपथ घातली त्यानं मला. नंतर तू डॉक्टरला शिव्या घालायला लागलीस, मला वाटलं, त्यात तुझा जीव रमतो तर रमू दे, तो तर गाव सोडून गेलाय, त्याचं काय बिघडणार."

मी तिच्या कोबीचं पिंप लाथेनं उलटं केलं. सगळं खारं पाणी तिच्या पायांवर. म्हणाले, तू खोटं बोलतेस, म्हातारपणी डोकं फिरलंय तुझं, राशेवनं काय दिलं तुला. ती खाली बसून कोबी गोळा करत राहिली. एकदाही उलट बोलली नाही.

उलट बोलली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

खोटं आहे. तानासला मी सदतीस वर्षं ओळखते. माझ्याशी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे.

त्या दिवशी टोपी कानांवर ओढलेली होती.

१७ नोव्हेंबर

मोजायचा दिवस नव्हता, तरी पहाट फुटताच गेले. दार उघडंच होतं. तो पलंगावर, अंग भट्टीसारखं, खोलीत तो वास. तो वास मी कुठंही ओळखेन.

मी पट्टाबिट्टा काही बांधला नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "लाल आहे. गेल्या मंगळवारपासून लाल आहे. त्याआधी पिवळा होता. मी हिरवा सांगत होते."

त्यानं मान माझ्या आवाजाकडे वळवली. "का?"

"तानास काल्चेव. मिठागरातला. मी त्याची बायको."

तो आठवत राहिला. खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, आजारी माणसाला किती कष्ट पडतात ते दिसत होतं. "नाही," म्हणाला. "हा पाय माझ्याकडे आला नाही, बाई. नावं विसरतो मी. पाय विसरत नाही."

"खोटं!" मी ओरडले. शेजारच्या घरात कुत्रं भुंकायला लागलं. "तुम्ही म्हणालात काही नाही! तुम्ही म्हणालात चरबी चोळ!"

"असेल, असेल. मी खोटारडा असेन." त्याला बोलताना धाप लागत होती. "पण आधी गाडी बोलवा. मग भांडू. मी कुठं पळतोय?"

मी इस्क्राला फोन लावला. तिनं नुसतं रडणं ऐकून ओळखलं. गाडी येईपर्यंत मी त्याचा पाय खाली सोडून धरला, तो सांगेल तसा. "वर नाही, खाली. रक्ताला उतार द्या." मी देत होते उतार. त्याच्या शिव्याही खात होते, कारण वेदना नव्हती तरी भीती होती, आणि भ्यालेला माणूस कुणाला तरी शिव्या घालतोच. तानासनं घातल्या नाहीत कधी. तो गुणगुणायचा.

१९ नोव्हेंबर

दोन बोटं काढली. मांडीतून तार घालून वरची बुजलेली नस उघडली, पाऊल वाचलंय असं म्हणतात. अजून एक आठवडा गेला असता तर गुडघा.

इस्क्रा त्याच्या घरचं यंत्र घेऊन गेली होती. आज आली. बसली नाही. "आकडे बघितले मी. दोनदा पिवळा, मग दोनदा लाल, तुम्ही मला फोन करायला हवा होता. मी समजत होते, तुम्हाला रंगातला फरक कळला नसेल. कळला नव्हता ना, मावशी?"

दार उघडून देत होती पोर. मला त्यातून निसटून जाता आलं असतं.

"कळला होता," मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. म्हणाली, हे मला वर सांगावं लागेल. सांग म्हटलं. तिनं माझ्या घरचं यंत्रही उचललं आणि गेली.

२५ नोव्हेंबर

बुर्गासला गेले. कशाला ते माहीत नाही. माफी मागायला नव्हे, मला ते शब्द येत नाहीत. वाटलं, त्याला पुन्हा एकदा विचारावं. एकदा तरी हो म्हणाला, "हो, आला होता तानास, मीच पाठवला परत," तर सगळं जागेवर बसेल. मग मी पाप केलं असेल, पण बरोबर माणसावर.

पाय उशीवर, पट्ट्यांत गुंडाळलेला. मी आत गेले तशी त्यानं चाल ओळखली.

"व्हेलिकाबाई. बसू नका."

मी उभी राहिले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही बहुतेक. पोलीस आले होते. मी त्यांना झालं ते सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. तुम्ही 'हिरवा' इतक्या गोड आवाजात म्हणायचात. मी दोन दिवस आधीपासून त्या आवाजाची वाट बघायचो. ते मला जास्त लागलंय. बोटं काय, आणखी आठ आहेत."

"तो आला होता का, डॉक्टर?"

"नाही."

"नक्की?"

"बाई, आला असता तर आज तो तुमच्याशी भांडत असता."

मी निघाले. दारापर्यंत पोचले तर मागून म्हणाला, "टाचेचा फोड भरला?"

भरला म्हणाले.

"कुणी पाहिला?"

कुणी नाही, म्हणाले. तो चिडला. एवढ्या तापातून उठलेला माणूस, तरी चिडला. "आज जाऊन दाखवा," म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

३ डिसेंबर

आज तानासला तीन वर्षं झाली.

चौकशी चालू आहे, माझं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील. गावात मात्र ठरून गेलंय. पाववाली माझ्याकडे न बघता पाव देते. चर्चमध्ये बाकावर माझ्या दोन्ही बाजू रिकाम्या.

तरी स्मशानात माणसं आली. तानासचे जुने सोबती, त्यांच्या बायका. मारुशा उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन आली, वर साखरेचा क्रॉस काढलेला, जसा दर वर्षी ती काढते. माझ्यापासून लांब उभी राहिली. पाद्री म्हणायचं ते म्हणाले आणि मग, नेहमीप्रमाणे, सगळे माझ्याकडे बघायला लागले. दर वर्षी मी इथं राशेवला शाप देते. त्यांना सवय झालीय.

मी म्हणाले, "राशेवनं काही केलं नाही. हा त्याच्याकडे गेलाच नव्हता. भ्याला. मला खोटं सांगितलं, बहिणीला खोट्यात गुंतवलं, आणि मी त्या खोट्यापायी जिवंत माणसाची बोटं घालवली. हे मला तुमच्यासमोर सांगायचं होतं."

वारा होता, मेणबत्त्या लागत नव्हत्या. मारुशानं गव्हाचं ताट खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली, हात न लावता.

हळूहळू माणसं गेली. मी वाईनची बाटली आणली होती, थडग्यावर ओतायला. ती उघडली नाही. बगलेत धरून उभी राहिले आणि तानासला जे जे बोलायचं होतं ते बोलले, डॉक्टरसाठी तीन वर्षं साठवलेलं सगळं, एकेक शब्द, पत्ता बदलून. भेकडा म्हणाले. चोरा म्हणाले. पाय नसता तर नसता, मी खांद्यावर घेऊन फिरले असते, तुझं तोंड बघायला मी कंटाळले असते का कधी, तू कोण रे हे परस्पर ठरवणारा? माझा घसा बसला. मारुशा म्हणाली, "वहिनी, पुरे, चल आता." मी म्हणाले, पुरे कसं? त्याला एक हूं की चूं करायला सांग, मग जाते.

नाही बोलला. मला या थंडीत उभी करून तो आपला झोपलाय खाली निवांत, एक पाय लांब करून.